पाण्याचं बिल विजेच्या मीटरवर

हावड्याकडून नागपूरला जाणारी गाडी तुमसर रोड सोडून पुढे आली की ‘भंडारा रोड’ ही पाटी येते. नवखा प्रवासी भंडारा आलं म्हणून सामान घेऊन उतरतो आणि स्टेशनाबाहेर आल्यावर त्याला कळतं, की गावाचं नाव वरठी आहे आणि भंडारा शहर गाठायला अजून ऑटो किंवा बस धरावी लागणार. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरगेज रूळ १८८० च्या दशकात या भागातून गेला, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि जिल्ह्याच्या गावाचं स्टेशन मोहाडी तालुक्यातल्या वरठीत राहिलं, ते आजतागायत. पुढे १९८० च्या दशकात वरठीलगत सनफ्लॅगचा पोलाद कारखाना उभा राहिला. धानाच्या बांध्यांच्या कडेला कामगारांची घरं झाली, कवेलूंच्या जागी स्लॅब आले, स्लॅबवर काळ्या-पांढऱ्या टाक्या बसल्या.

जनगणनेच्या कागदांत वरठीची नोंद ‘सेन्सस टाऊन’ अशी आहे. लोकवस्ती आणि रोजगार शहरासारखे, पण कारभार ग्रामपंचायतीचा, अशा गावांना हे नाव मिळतं. पाण्याच्या हिशेबात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अशा गावात राहणी शहरी होते: फ्लशचा संडास, वॉशिंग मशीन, गिझर, कूलर, बोअर आणि वरची टाकी. पाणीपट्टी मात्र गावाच्या रीतीने ठरते. महाराष्ट्रात ग्रामपंचायत घरपट्टीसोबत सामान्य पाणीपट्टी घेते आणि घरात नळ असेल तर विशेष पाणीपट्टी. बहुतेक ठिकाणी ही वर्षाची ठोक रक्कम असते. रोज २ बादल्या वापरणारं घर आणि अंगण, रस्ता, मोटारसायकल सगळं नळीने धुणारं घर, दोघांची पावती सारखीच.

म्हणून ‘पाणी वाचवा, बिल वाचवा’ हे वाक्य अशा गावातल्या माणसाला पटत नाही, आणि त्याचं बरोबरही आहे. पाणी निम्म्यावर आणलं तरी त्याच्या पाणीपट्टीतला रुपया हलत नाही. पण घर पाण्यासाठी पैसे मोजतच असतं. ते दुसऱ्या कागदांवर लिहिलेले असतात. बोअरचं पाणी वर चढवण्याचे पैसे महावितरणच्या बिलात जातात, तापवण्याचे त्याच बिलात किंवा गॅस सिलिंडरमध्ये, आणि प्यायच्या पाण्याचे जारवाल्याच्या वहीत. घरातलं पाणी वाचवून पैसे वाचवायचे असतील तर नळाकडे पाहण्याआधी या तीन ठिकाणी पाहायला हवं. कुठलं पाणी महाग आणि कुठलं स्वस्त, हे एकदा कळलं की काटकसर कुठे करायची ते आपोआप ठरतं.

सुरुवात मोटरीपासून करू, कारण लोकांचा पहिला संशय तिच्यावर असतो. एक अश्वशक्तीची मोटर म्हणजे ७४६ वॉटचं काम. मोटरीतला तोटा धरला तर तासाभरात साधारण एक युनिट जळतं. समजा तिने १,००० लिटरची टाकी अर्ध्या तासात भरली, तर खर्च झाला अर्धा युनिट. सोयीसाठी सगळे आकार धरून युनिटला १० रुपये मानले, तर हजार लिटर पाणी ५ रुपयांत छतावर पोहोचलं. हे पाणी स्वस्त आहे. चार माणसांच्या घराला माणशी १३५ लिटर, म्हणजे मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी धरतात तो मोठा निकष लावला, तरी दिवसाला ५४० लिटर होतात आणि मोटर वीस मिनिटंही चालत नाही.

मग मोटरीचं बिल का फुगतं? वापरामुळे फुगण्यापेक्षा ते दुर्लक्षामुळे जास्त फुगतं. संध्याकाळी कुणीतरी बटण दाबतं, फोन येतो, दूध उतू जातं, आणि टाकी भरून पाणी पन्हाळीतून शेजारच्याच्या भिंतीवर कोसळायला लागतं तेव्हा घराला जाग येते. पंधरा-वीस मिनिटांच्या या उशिरात पाचशे-सहाशे लिटर पाणी वाहून जातं. म्हणजे टाकी सांडली त्या दिवशी घराने दुप्पट पाणी उपसलेलं असतं. टाकीत पाण्याची पातळी ओळखून मोटर बंद करणारा कंट्रोलर कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि गावातला इलेक्ट्रिशियन तासाभरात तो बसवून देतो. नळाच्या लाइनवर टाकी असेल तर साधा फ्लोट बॉलही पुरतो.

दुसरं दुखणं दिसत नाही. विहिरीवरच्या मोटरीचा फूट व्हॉल्व्ह गळका झाला की पाइपातलं पाणी खाली उतरतं आणि सकाळी मोटर हवा पकडते. ती फिरत राहते, घूं घूं आवाज येतो, पाणी येत नाही. मग कुणीतरी वरून मग्ग्याने पाणी ओतून ती ‘भरून’ घेतं. हा प्रकार रोजचा झाला की त्याची सवय होते, पण मीटर ती सारी मिनिटं मोजत असतो. काहींनी गरजेपेक्षा मोठी मोटर घेतलेली असते, काहींनी मोठ्या मोटरीला बारीक पाइप जोडलेला असतो, आणि पाइपाच्या घर्षणाशी झगडण्यात वीज जाते.

हे तपासायला मिस्त्री बोलवायची गरज नाही. दुपारी घरातलं सगळं बंद करून मीटरवरचा आकडा लिहून घ्यायचा. टाकी तळापासून काठापर्यंत भरायची आणि पुन्हा आकडा पाहायचा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि बाजूला एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेलं असतं. अनेक मीटरांवर तो आकडा ३२०० असतो. आकडा पुरेसा हलला नाही तर लुकलुकी मोजूनही हिशेब लागतो. आज हजार लिटरला अर्धा युनिट लागत असेल आणि पुढच्या उन्हाळ्यात पाऊण लागायला लागला, तर बोअरची पातळी खाली गेली किंवा मोटर थकली हे बिल यायच्या आधीच कळतं. वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, ही नोंद कॅलेंडरवर करून ठेवणारं घर मोटर जळण्याआधी सावध होतं.

टिल्लू पंपाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या नळाला थेट लहान मोटर लावून पाणी ओढणं विदर्भातल्या गावोगावी चालतं. पुढच्या घराची धार त्यामुळे तुटते, आणि लाइनीत पाण्याचा दाब उरला नाही की फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी आत शिरतं. शेजाऱ्याचं पाणी ओढायला आपणच विजेचे पैसे भरायचे आणि वर घरात जुलाब आणायचे, असा हा व्यवहार आहे. तो बंद व्हायला हवा.

आता गरम पाण्याकडे वळू. पैशाची खरी गळती इथे आहे.

डिसेंबर-जानेवारीत पूर्व विदर्भातल्या रात्री चांगल्या गार असतात आणि सकाळच्या टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. वीस लिटरच्या बादलीचं तापमान २४ अंशांनी वाढवायचं, म्हणजे १८ वरून ४२ वर न्यायचं, तर भौतिकशास्त्राच्या साध्या हिशेबाने अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. गिझर असो की बादलीत सोडलेला रॉड, या आकड्यातून सुटका नाही. चार माणसं, चार बादल्या, दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ. जेवढ्या विजेत मोटर हजार लिटर पाणी स्लॅबवर चढवते, तेवढ्यात गिझर जेमतेम एक बादली तापवतो.

गॅसवर तापवलं तर? एलपीजीच्या एका किलोत सुमारे ४६ मेगाज्यूल उष्णता असते आणि घरच्या शेगडीवर तिच्यातली साठेक टक्के भांड्याला लागते. एका बादलीला साधारण ७० ग्रॅम गॅस जातो. चार बादल्या रोज, तीस दिवस, म्हणजे साडेआठ किलो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो. हिवाळ्यात निम्म्याहून अधिक सिलिंडर आंघोळीतच संपतो आणि घरात बोलणी बसतात ती स्वयंपाक करणाऱ्या बाईला.

शॉवर आला की हा हिशेब आणखी बिघडतो. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटं उभं राहिलं तर सत्तर लिटर, म्हणजे साडेतीन बादल्या. बादली आणि लोटा ही आपल्याकडची जुनी रीत इथे सर्वांत उत्तम मापयंत्र आहे, कारण किती पाणी घेतलं ते डोळ्यांसमोर असतं. ज्यांना शॉवर हवाच आहे त्यांनी मिनिटाला पाच-सहा लिटर सोडणारं तोंड बसवावं. आणि ज्यांच्या स्लॅबवर ऊन पडतं त्यांच्यासाठी सोलर वॉटर हीटर आहे. वरठीच्या आकाशात हिवाळ्यात ढग क्वचितच असतात, आणि गरम पाण्याची गरज नेमकी त्याच महिन्यांत असते.

साठ युनिटांचं महत्त्व आणखी एका कारणाने वाढतं. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की विजेचा मूळ दर जवळपास दुप्पट होतो. वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं. महिन्याला १३० युनिटं जाळणाऱ्या घराने पाणी तापवण्यातली ३० वाचवली, तर ती सगळी महागड्या टप्प्यातली असतात.

आता कूलर. विदर्भाबाहेरच्या माणसाला त्याचं मोल कळणं कठीण आहे. पारा ४४-४५ वर गेल्यावर भिंती रात्री बारापर्यंत तापलेल्या राहतात, पंखा गरम हवा फेकतो, आणि खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर हाच घराचा आधार असतो. एप्रिल लागला की बाजारात नव्या ताट्या येतात, माळ्यावरचा कूलर उतरतो, त्याला रंगाचा हात बसतो, आणि पहिल्या संध्याकाळी ओल्या गवताचा वास घरभर पसरतो.

कूलर पाणी पितो हे खरं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बऱ्यापैकी मोठा कूलर तासाला दहा-पंधरा लिटर पाणी हवेत सोडतो. दहा तास चालला तर शंभर-दीडशे लिटर. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर केलेल्या जलजीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी धरलेलं आहे. म्हणजे उन्हाळ्यात कूलर हा घरातला दोन-तीन माणसांइतकं पाणी लागणारा सदस्य होतो. त्यामुळे पाणीबचतीच्या गोष्टी करणारे पहिली कुऱ्हाड त्याच्यावर घालतात. तो सल्ला चुकीचा आहे.

एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, म्हणजे युनिटाच्या भाषेत जवळपास ०.६७. तासाला दहा लिटर पाणी वाफ झालं की पावणेसात युनिटांइतकी उष्णता हवेतून निघाली, आणि त्यासाठी कूलरच्या पंख्याने व पंपाने मिळून वीज घेतली दीडशे-दोनशे वॉट. त्याच खोलीत दीड टनाचा एसी लावला तर कॉम्प्रेसर चालू असताना तो तासाला सव्वा ते दीड युनिट घेतो. दहा तासांच्या रात्रीत कूलरची दोन युनिटं आणि एसीची दहा-बारा. कूलरचं शंभर लिटर पाणी वर चढवायला मोटरीला युनिटाचा विसावा भाग लागतो. एवढ्या पाण्याने एवढी वीज वाचवणारं दुसरं उपकरण घरात नाही. कूलरला त्याचं पाणी मिळालंच पाहिजे.

थांबवायचं आहे ते त्याच्या अवतीभवती सांडणारं. तिन्हीसांजेला कूलरच्या टाकीत हिरवा पाइप सोडला जातो आणि नळ सुरू करून माणूस आत जातो. पाणी काठोकाठ येतं, कडेने ओघळतं, भिंतीखालून अंगणात जातं आणि तिथे चिखल होतो. पन्नास रुपयांच्या आसपास मिळणारा छोटा फ्लोट बसवला की हे थांबतं. ताट्यांच्या वरच्या पन्हाळीची भोकं क्षाराने बुजली की पाणी एकाच बाजूने धावतं. मग निम्मी ताटी कोरडी राहते, कूलर गार हवा देत नाही, आणि माणूस पंखा वाढवून तो रात्रभर जास्त चालवतो. पंधरा दिवसांतून एकदा ही भोकं तारेने मोकळी केली तर पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. आणि खोलीची समोरची खिडकी बोटभर का होईना उघडी हवी. दमट हवा बाहेर गेली नाही तर ताटीवरचं पाणी वाफ होणं मंदावतं आणि घरात नुसता चिकचिकाट होतो. पहिला पाऊस पडून हवा ओलसर झाली की पंपाचं बटण बंद करावं. तेव्हा ताटी ओली करून काही मिळत नाही.

कूलरच्या तळाशी उरलेलं पाणी आठवड्यातून एकदा उपसून टाकी कोरडी करायची असते, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खातं ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं तो यासाठी. हे पाणी मोरीत ओतण्यापेक्षा झाडांना घालावं. ते वाफ होऊन होऊन खारट झालेलं असतं, म्हणून कुंडीतल्या नाजूक रोपाऐवजी आंब्या-लिंबाच्या मोठ्या आळ्यात टाकलेलं बरं.

तिसरं पाणी जारचं. वीस लिटरचा जार ३० रुपयांना धरला, तर लिटरला दीड रुपया. बोअरचं पाणी आपण हजार लिटरला ५ रुपये धरलं होतं. दोघांत तीनशे पटींचा फरक आहे. रोज एक जार घेणाऱ्या घराचे महिन्याला ९०० रुपये जातात, आणि अनेक घरांत हा आकडा विजेच्या बिलाच्या जवळ जातो. जार घेण्यात चूक काही नाही. पाणी खरोखर खराब असेल तर जीव आधी. पण ते खराब आहे हे कशावरून ठरवलं? बहुतेक वेळा चवीवरून, किंवा डाळ शिजत नाही म्हणून. डाळ शिजत नाही याचा अर्थ पाणी जड आहे, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त आहे. जड पाणी आणि दूषित पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना तपासता येतो, आणि जलजीवन मिशनने ग्रामपंचायतींना पाणी तपासायचे छोटे संच दिले आहेत. आधी तपासणी, मग जार.

घरी आरओ बसवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या पद्धतीचा घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये यात लक्ष घातलं आणि विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असलेल्या भागांत आरओ वापरू नये, अशी भूमिका घेतली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही ५०० हीच इष्ट मर्यादा आहे. क्षार मोजायची पेनाएवढी मशीन आरओ दुरुस्त करणाऱ्याच्या खिशात असतेच. आकडा ५०० च्या आत आला आणि तपासणीत दुसरा दोष निघाला नाही, तर क्षार काढण्यासाठी वीज आणि पाणी खर्च करण्याचं कारण नाही. जंतूंसाठी उकळणं, यूव्ही किंवा क्लोरीन पुरतं. आरओ लागतच असेल तर त्याची बारीक नळी बादलीत सोडावी. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला उत्तम चालतं.

बाकीची घरगुती बचत थोडक्यात सांगता येते. जुन्या फ्लशच्या टाक्या एका वेळी दहा लिटरांहून जास्त पाणी सोडतात, नव्या दोन बटणांच्या टाक्या तीन किंवा सहा. टाकी बदलणं परवडत नसेल तर पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली आत उभी केली की दर खेपेला लिटर वाचतो. फ्लश आतून गळतो का हे पाहायला टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावं. भांड्यात रंग उतरला तर रबर बदलायची वेळ झाली. गळक्या नळाखाली रात्री बादली ठेवावी. सकाळी ती पाहिल्यावर वायसर आणायला कुणी टाळाटाळ करत नाही.

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जाणारा जिल्हा आहे. इथल्या घरांत गुंड, गंज, कोपर राखेने आणि चिंचेने घासून दोन पाण्यांत विसळायची पद्धत होती. भरपूर फेस येणारा साबण आला आणि वाहत्या नळाखाली विसळणं सुरू झालं. साबण निम्मा केला आणि विसळायला पाण्याची दोन घमेली मांडली, तर वाहत्या नळाच्या तुलनेत फार थोड्या पाण्यात भांडी निघतात. तांदळाचं धुवण गुरांना घालायची रीत या धानाच्या जिल्ह्यात अजून कित्येक घरांत आहे. न्हाणीचं पाणी मागच्या वाडीत सोडून तिथे केळी आणि धोपा, म्हणजे अळू, लावायचीही. धोप्याच्या वडीसाठी बाजारात पैसे मोजावे लागत नाहीत, हीसुद्धा बचतच.

वापरानुसार बिल आलं तर माणसं पाणी जपून वापरतात का, याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने दशकभराहून आधी चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली. प्रत्येक नळाला मीटर बसला आणि दर टप्प्यांचे ठेवले: गरजेपुरतं वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग. चोवीस तास नळाला पाणी म्हटल्यावर लोक उधळपट्टी करतील अशी भीती होती. घडलं उलट. पाणी कधीही मिळणार हे कळल्यावर भांडीकुंडी भरून ठेवणं आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून ओतून देणं थांबलं, आणि मीटर आल्यावर गळके नळ दुरुस्त झाले. मलकापूर हे काही श्रीमंत महानगर नव्हतं. लहान गावातही मीटर चालतो, हे त्याने दाखवलं.

ठोक पाणीपट्टीच्या गावात उधळलेल्या पाण्याचा भार पंचायतीवर जातो. तिच्या विहिरीवरच्या पंपाला वीज लागते, ते बिल गावाच्या वसुलीतून भरायचं असतं, आणि वसुली कमी पडून थकबाकी वाढली की पाणीयोजनेची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून दर वर्षी येतात. मग टँकर येतो आणि पाण्याची खरी किंमत रोख मोजावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोहोचली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ते नऊ हजार माणसांना एक दिवस पुरलं असतं.

भंडारा म्हणजे लातूर नव्हे. इथे वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, जिल्ह्याच्या मधून वैनगंगा वाहते आणि ‘तलावांचा जिल्हा’ ही ओळख जुनी आहे. गोंड राजवटीत इथे कोहळी समाजाने तलाव बांधले. आता गोंदिया जिल्ह्यात गेलेल्या नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा सांगते. इंग्रजांच्या काळात हे तलाव मालगुजारांकडे आले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते सरकारकडे गेले. पूर्व विदर्भात आज साडेसहा हजारांहून अधिक ‘मामा’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव मोजले जातात. हे तलाव बांधणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. पाऊस भरपूर असला तरी तो चार महिन्यांचा, आणि इथल्या जुन्या कठीण खडकात तो आपण होऊन फारसा मुरत नाही. त्याला अडवावं लागतं. भरपूर पावसाच्या या जिल्ह्यात मे महिन्यात बोअर आटतात, त्याचं कारण याहून वेगळं नाही.

स्लॅबच्या घरांना ते काम छतावरच करता येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. साठ चौरस मीटरच्या स्लॅबवर वर्षाला ७८,००० लिटर पडतात. पाचवा हिस्सा उडून, वाहून गेला असं धरलं तरी ६२,००० हाती राहतात, म्हणजे माणशी ५५ लिटरप्रमाणे चौघांना नऊ महिने पुरेल इतके. आषाढातल्या एकाच जोरदार सरीत, पंचवीस मिलिमीटरमध्ये, त्या स्लॅबवरून हजार लिटरची टाकी भरून वाहते. एवढं पाणी घरात साठवता येत नाही, म्हणून ते विहिरीच्या किंवा बोअरच्या कडेला खड्ड्यात मुरवायचं: तळाला मोठे दगड, मग गिट्टी, वर वाळू, आणि पाइपाला एक वेगळी तोटी, जिच्यातून पहिल्या एक-दोन पावसांचं धूळ-पाचोळ्याचं पाणी बाहेर सोडता येईल. संडासाच्या शोषखड्ड्यापासून हा खड्डा दूर हवा आणि छताचं पाणी न गाळता सरळ बोअरमध्ये सोडू नये. बोअरची पातळी वर राहिली तर मोटरीला पाणी कमी उंचीवरून उचलावं लागतं, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलेला युनिटाचा आकडा वाढत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार याहून फार कमी पावसात तगलं. दर वर्षी पडलेला पाऊस मोजून गावाने पाण्याचं अंदाजपत्रक मांडलं आणि शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली. सरपंच म्हणून हे घडवून आणणाऱ्या पोपटराव पवारांच्या त्या गावाला वरठीच्या एक तृतीयांशाच्या आसपास पाऊस मिळतो.

मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागतं. त्याआधीच्या पंधरवड्यात स्लॅब झाडून घ्यावा, पन्हाळीला पाइप जोडावा आणि विहिरीकडेला खड्डा खणावा. गवंड्याचं काम एक-दोन दिवसांचं आहे, आणि रोवणी सुरू झाली की गावात मजूर मिळत नाही.